दोन बोटं सोडून

"हं, ओढ आता!" मिस्त्री ओरडला. पुतणीने साखळीवर अंग टाकलं आणि चाळीस वर्षं होडीच्या पोटात बसलेला, इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा लोखंडी शाफ्ट कुरकुर करत एकदाचा बाहेर आला. त्याच्यामागून काळं वंगण आलं, गंजाचे पापुद्रे आले आणि सगळ्यात शेवटी एक चिमुकला खेकडा आला. तो वाळूवर टपकला आणि तिरका तिरका पळत सुटला.

"बघा काका, या होडीत राहून त्याचीही चाल बिघडली," पुतणी म्हणाली.

एरवी मिस्त्रीने तिला तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. आज त्याचं लक्ष नव्हतं. त्याने होडीचा मागचा खांब फडक्याने पुसला आणि खांबाच्या बरोबर मध्यावर खडूने उभी रेघ मारली. शाफ्ट निघाल्यावर उघड्या पडलेल्या भोकावर त्याने दोन दोरे आडवे-उभे ताणून त्याचाही मध्य काढला. मग रेघ आणि तो मध्य यांच्या मधल्या जागेत आपली दोन बोटं टेकवली. चपखल बसली. दोन बोटं, उजवीकडे. चाळीस वर्षांत सूतभरही फरक पडला नव्हता. लाकूड आहे ते, लाजेकाजेने सरकायला माणूस थोडंच आहे?

याच दोन बोटांपायी आख्खा किनारा त्याला 'दोनबोटे' म्हणायचा. नवीन माणसांना ते आडनावच वाटे. एकदा तर सरकारी कचेरीतून 'श्री. दोनबोटे यांस' असं पाकीट आलं होतं आणि पोस्टमनने कुणालाही न विचारता ते बरोबर त्याच्या दारात टाकलं होतं.

झालं होतं ते असं. शाफ्टची रेषा आखायची तर होडीच्या नाकापासून मागच्या खांबापर्यंत दोरी ताणावी लागते. पण होडीच्या कण्यावर मधोमध मोठ्या बोल्टांची डोकी वर आलेली असतात. दोरी त्यांना घासते, आणि घासलेली दोरी खोटं बोलते. म्हणून मिस्त्रीचे बाबा दोरी मध्यापासून दोन बोटं उजवीकडे ताणायचे आणि खांबावर खूण करताना तेवढंच डावीकडे परत यायचे. 'दोन बोटं सोडून' हा त्यांच्या कारखान्याचा मंत्र होता. मिस्त्री तेव्हा बावीस वर्षांचा होता, लग्नाला महिनाही झाला नव्हता, आणि बाबांनी पहिल्यांदाच शाफ्टचं काम त्याच्या हातात दिलं होतं. पठ्ठ्याने दोरी अगदी मंत्रानुसार ताणली. परत यायला तेवढा विसरला. भोक दोरीच्या रेषेत पडलं, इंजिनही त्याच रेषेत बसलं, आणि बाबांच्या लक्षात आलं तेव्हा होडी पाण्यात उतरायला एकच दिवस बाकी होता.

बाबा एक शब्द बोलले नाहीत. ते मुळातच अबोल, आणि आवाज इतका बारीक की शेजारी बसलेल्यालाही कान द्यावा लागायचा. पण बातमी काही थांबत नाही. दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात गेली, बाबा तिच्या मागच्या टोकाला उभे राहिले, आणि किनाऱ्यावरच्या गर्दीतून एका खलाशाने आपला कर्ण्यासारखा आवाज लावला, "मिस्त्रीऽऽ, पोराने केवढ्याने चुकवलंऽऽ?" इंजिन धडधडत होतं. बाबांनी होडीवरून हात वर केला आणि दोन बोटं दाखवली.

किनारा खदखदून हसला. मिस्त्री तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात दोर धरून उभा होता, आणि त्या गर्दीत त्याची नवी नवरीही होती. तिच्यादेखत त्याचं बारसं झालं.

त्यानंतर खांबाला भोक पाडायची वेळ आली की बाबा म्हणायचे, "जा रे, चहा सांगून ये." तो चहा सांगायला जायचा. परत येईस्तोवर भोक पडलेलं असायचं आणि बाबा त्यावर चिंधी कोंबून मोकळे झालेले असायचे. बाबा गेल्यावर ते काम धाकट्या भावाने उचललं. मिस्त्रीने फळ्या बसवल्या, फासळ्या वाकवल्या, कणे घडवले, त्याच्या हाताखालून शंभरेक होड्या गेल्या असतील. पण खांबाला त्याने पुन्हा गिरमिट म्हणून लावलं नाही. बसलेल्या शाफ्टकडे तो नीट बघायचासुद्धा नाही.

आता धाकट्याचे डोळे अधू झाले होते, त्याची ही लेक इंजिनांचं काम बघत होती, आणि तीच पहिली होडी म्हातारी होऊन दुरुस्तीला दारात आली होती. जुनं इंजिन काढायचं, नवं बसवायचं, सडलेलं लाकूड बदलायचं.

मिस्त्रीने खांबावरची बोटं उचलली.

"हे भोक बुजवायचं," तो म्हणाला. "नवं मध्यावर पडेल. मीच पाडणार."

पुतणीने हातातला पाना खाली ठेवला. "तुम्ही?"

"का? हात झडलेत माझे?"

"नाही हो," ती म्हणाली. "पाडा की. मी कधी बघितलंच नाही तुम्हाला, एवढंच."

पुढचे दोन महिने मिस्त्रीने त्या होडीवर असा काही जीव टाकला की बायको म्हणाली, तिसरी पोर असती तर तिच्या लग्नातसुद्धा तुम्ही एवढं राबला नसतात. अठरा फळ्या सडल्या होत्या. त्या त्याने एकेक करून उकलल्या, जुन्या तांब्याच्या मेखा न वाकवता काढल्या आणि डब्यात जपून ठेवल्या. नवं सागवान निवडताना वखारवाल्याला घाम फोडला. एका फळीत गाठ निघाली म्हणून आख्खी गाडी परत पाठवली. फासळ्या वाफेवर धरून वाकवल्या. फळीला फळी भिडली की मधल्या फटीवरून नख फिरवायचा, नख अडकलं की पुन्हा रंधा घ्यायचा. सांध्यांत कापसाचा पीळ ठोकला, वरून राळ भरली. काम असं उतरत होतं की वाटेने जाणारी माणसं उगाचच थांबून फळ्यांवर हात फिरवायची. मिस्त्री त्यांच्याकडे बघायचा नाही, पण कुणी न थांबता गेलं तर ते त्याला बरोबर कळायचं.

जुन्या भोकात त्याने सागवानी दट्ट्या ठोकला. इतका फिट्ट, की रंधा मारल्यावर तिथे भोक होतं हे फक्त रेषांच्या वळणावरून ओळखावं लागत होतं. मग होडीतच पाणी भरलं. बाहेरून एक थेंब दिसला तरी सांधा पुन्हा उकलायचा, अशी तिथली रीत. सकाळपासून दुपारपर्यंत दोघं होडीभोवती घिरट्या घालत होते. खालची वाळू कोरडी ठणठणीत राहिली.

"चला," मिस्त्री स्वतःशीच पुटपुटला, "स्वर्ग दोन बोटं उरला."

"आजोबांचं वाक्य," पुतणी म्हणाली. "बाबा सांगतात, होडी गळली नाही की आजोबा एवढंच बोलायचे."

"वर्षाकाठी तेवढंच कौतुक. तेही होडीचं."

"आणि तुमचं?"

"माझं कशाला करतील? मला चहा सांगायला पाठवायचे."

नेमकी त्याच दिवशी मालकीण आली. पन्नाशीची बाई, उन्हाने रापलेली, हातांवर जाळ्याच्या दोराचे घट्टे. ही होडी तिच्या वडिलांची. ते गेल्यावर होडी शेडखाली पडून राहिली होती, आणि आता दुसऱ्यांच्या होड्यांवर राबून कंटाळलेल्या बाईने ती स्वतः चालवायची ठरवलं होतं. तिने होडीला एक फेरी घातली. फळ्यांवरून हात फिरवला. पदराने डोळे टिपले, आणि मिस्त्रीला त्यात सगळी मजुरी मिळाली.

मग ती मागे गेली आणि खांबाजवळ थबकली.

"हे बुजवलं का?"

"बुजवलं. वाकड्यात होतं ते. आता मध्यावर पाडतो."

बाईच्या कपाळाला आठी पडली. "मिस्त्री, मला यातलं कळत नाही. पण एक सांगते. माझे बाबा एकटे जायचे समुद्रावर, जोडीला कुणी नाही. जाळं ओढायला दोन्ही हात लागतात. ते सुकाणूचा दांडा सोडून द्यायचे आणि ही आपली नाकासमोर चालत राहायची. मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. मीही एकटीच जाणार आहे. तुम्ही हिचं काहीही बदला, पण हा गुण तेवढा जाऊ देऊ नका."

"गुण बांधणीचा असतो, बाई. माझ्या बाबांची बांधणी आहे. त्यांच्या सगळ्याच होड्या शहाण्या."

हे मात्र खरं होतं. म्हाताऱ्याच्या होड्या हात सोडला तरी सरळ जातात, असं सगळीकडे नाव होतं. बाबा गेले आणि त्यानंतर कारखान्यातून निघालेल्या होड्यांना सतत दांडा धरून बसावं लागू लागलं. लोक म्हणाले, बापाचा हात काही औरच होता. मिस्त्रीने तेही मुकाट गिळलं होतं.

बाई गेली. पुतणी मात्र वंगणाचे हात पुसत तिथेच रेंगाळली. बाजूला नवं इंजिन लाकडी पेटीतून काढून ठेवलं होतं, अजून त्याची होडीतली बैठक व्हायची होती.

"काका, रागावणार नसाल तर बोलते."

"म्हणजे रागावण्यासारखंच असणार. बोल."

"हा गुण बांधणीचा नसेल. पंखा पाण्यात फिरतो ना, तो होडीला नुसता पुढे ढकलत नाही, थोडा एका अंगालाही ढकलतो. जुनं इंजिन पंखा डावीकडे फिरवायचं. त्याने होडीचं नाक सारखं उजवीकडे जातं, म्हणून दांडा धरून बसावं लागतं. पण शाफ्टच उजवीकडे सरकलेला असला, तर त्याचा जोर नाकाला डावीकडे आणतो. हे त्याला खातं, ते याला. फिट्टंफाट." तिने खांबाकडे बोट दाखवलं. "तुमची ती दोन बोटं चूक खरी, पण चुकून बरोबर पडलेली."

मिस्त्रीच्या हातातला रंधा थांबला.

"चाळीस वर्षं आख्ख्या गावाने फिरकी घेतली," तो म्हणाला. "आता घरातूनही सुरू झाली का?"

"फिरकी नाही हो काका, खरंच—"

"एक होडी सरळ गेली, मान्य. मग बाकीच्यांचं काय? बाबांच्या सगळ्या होड्या सरळ जायच्या. त्यांची भोकं बाबांनी पाडली होती. त्यांना काय आपल्या हाताचं माप विसरायला झालं होतं?"

पुतणीने खाली मान घालून पाना पुसायला घेतला. तिची ही तऱ्हा हुबेहूब आजोबांची होती, हे मिस्त्रीला आवडलं नाही.

दुपारचं जेवण त्याला गोड लागलं नाही. डबा अर्धा तसाच ठेवून तो उठला, दोरीची गुंडाळी घेतली आणि कारखान्याच्या टोकाला गेला. तिथे बाबांची शेवटची होडी मोडीत निघून पडली होती. अर्धी वाळूत रुतलेली, वर झुडपं उगवलेली. मागचा खांब मात्र शाबूत होता. मिस्त्रीने झुडपं उपटली, हातांनी वाळू उकरली, खांबाचा मध्य काढला, भोकाचा मध्य काढला. आणि बोटं टेकवली.

दोन. उजवीकडे.

त्याने हात मागे घेतला आणि पुन्हा टेकवला. मग तो तडक उताराकडे गेला, तिथे बाबांच्या हातची आणखी एक होडी रंगवायला वर ओढलेली होती. तिचा मालक "काय शोधताय मिस्त्री?" असं विचारत राहिला आणि हा आपला गुडघ्यांवर बसून दोऱ्या ताणत राहिला. दोन बोटं, उजवीकडे. तिसरी होडी खाडीच्या तोंडाशी चिखलात उभी होती. तो चपला काढून चिखलात उतरला. तिथेही तेच.

चिखलाने भरलेल्या पायांनी तो परत आला तेव्हा बायको डबा न्यायला आली होती. अर्धा डबा बघून तिने तोंड उघडलं होतं, पण नवऱ्याचा चेहरा बघून मिटलं.

"काय झालं हो?"

तो फळीवर बसला. आधी त्याला हसू आलं, मग ते हसू थांबेना, आणि मग डोळ्यांत पाणी आलं.

"बाबांनी माझी चूक चोरली," तो म्हणाला. "त्या होडीनंतर प्रत्येक होडीला त्यांनी तसंच भोक पाडलं. मला चहाला पाठवून! मला वाटायचं, माझ्यावर भरवसा नाही म्हणून पाठवतात. अगं, ते लपवत होते. धंद्याचं गुपित करून ठेवलं होतं माझ्या घोडचुकीचं. मला तरी सांगायचं ना!"

बायको त्याच्या शेजारी टेकली.

"त्यांना वाटलं असेल, तुम्हाला कळलंय."

"कसं कळणार? बोलले कधी?"

"मला बोलले होते एकदा. थोरली झाली तेव्हा. म्हणाले, पोराचा हात चांगला आहे, त्याचं चुकलेलंही कामाला येतं. मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस?"

"तुम्ही म्हणालात, नव्या बाळंतिणीला बरं वाटावं म्हणून काहीतरी तोंडदेखलं बोलले असतील." तिने डब्याचं झाकण लावलं. "आणि पाठ फिरवून फळी तासायला लागलात. तुमच्या घरात कुणाला सरळ बोलता येतं का? होड्याच तेवढ्या सरळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने गिरमिटाला धार लावली. बातमी अर्थातच आधीच फुटली होती. दोनबोटे भोक पाडणार, चाळीस वर्षांनी! रिकामटेकड्यांनी उलट्या टोपल्या आणि डबे ओढून बसायला जागा केली. सगळ्यांच्या पुढे भोंगा. चाळीस वर्षांपूर्वी किनाऱ्यावरून ओरडलेला खलाशी तो हाच. दात गेले होते, कान गेले होते, आवाज तसाच होता.

मिस्त्रीने पुतणीला बाजूला घेतलं.

"नवं इंजिन पंखा कुठे फिरवतं?"

"उजवीकडे. जुन्याच्या उलट."

"म्हणजे भोक मध्याच्या डावीकडे पाहिजे."

पुतणीने त्याच्याकडे रोखून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद उमटला आणि मग लगेच काळजी. "हो. पण किती सरकवायचं, ते मी छातीठोक नाही सांगू शकत काका. इंजिन वेगळं, पंखा वेगळा, जोर वेगळा. मध्यावर पाडलंत तर कुणी नाव ठेवणार नाही. जगात सगळे तसंच पाडतात. डावीकडे पाडलंत आणि माप चुकलं, तर—"

"तर दुसऱ्यांदा चुकलो. तेही जाणूनबुजून."

"हे सगळे बसलेत बघायला."

"बसू देत. बाई एकटी जाणार आहे समुद्रावर. तिला दोन्ही हात लागतात."

"पण किती सरकवणार?"

मिस्त्रीने आपला हात तिच्यासमोर धरला. वयाने गाठाळलेला, नखांत राळ रुतलेला. त्याने दोन बोटं जोडली.

"कशावरून?"

"यांच्यावरून. बाबांनी आयुष्यभर हेच माप धरलं, ते माझ्या हाताचं होतं. आता मीही जरा माझ्या हातावर विश्वास ठेवून बघतो. चुकलं तर आडनाव बदलून घेऊ. तीनबोटे."

त्याने दोरी ताणली. या वेळी डोक्यात मंत्र-बिंत्र काही नव्हतं. जिथे पाहिजे तिथेच ताणली, बोल्ट चुकवत, आणि तीनदा तपासली. मग खांबावर खडूने मध्याची रेघ मारली. तिला लागून दोन बोटं टेकवली. आणि बोटांच्या पलीकडे, डाव्या अंगाला, खिळ्याने टोचा दिला.

टोपल्यांवरून एकदम कुजबुज झाली. भोंगा उठून पुढे आला, डोळे बारीक करून बघितलं आणि दोन्ही हात डोक्याला लावले.

"अरे, पुन्हा चुकलाऽऽ! अरे, या वेळी दुसऱ्या बाजूला चुकलाऽऽ!"

हास्याचा असा फवारा उडाला की झाडावरचे कावळे उडाले. मिस्त्रीचे कान तापले. चाळीस वर्षं जुनी लाज परत आली, तशीच्या तशी, एक सूतही कमी नाही. गिरमिट हातात होतं. टोचा बुजवून मध्यावर दुसरा द्यायला एक क्षण पुरला असता. पुतणीने भोक पाडायचं विजेचं यंत्र पुढे केलं. त्याने मान हलवली. पाय रोवले, गिरमिट टोच्यावर ठेवलं आणि हाताने फिरवायला सुरुवात केली. तासाभराने सागवानाचा शेवटचा कीस आतल्या बाजूला पडला आणि भोकातून आरपार उजेड आला. बघणारे केव्हाच कंटाळून गेले होते.

आठवड्याने इंजिन बसलं, शाफ्ट बसला, पंखा बसला. भरतीच्या वेळेला होडी पाण्यात ढकलली. नवा रंग, नव्या फळ्या, जुन्याच मेखा. उभ्या किनाऱ्याने माना वळवून बघावं अशी दिसत होती, आणि उभा किनारा माना वळवून बघतही होता. मिस्त्रीची बायको गर्दीत पुढे उभी होती, तिच्यापासून चार हातांवर भोंगा. होडीवर तिघंच: इंजिनापाशी पुतणी, सुकाणूच्या दांड्यावर मालकीण, आणि मागच्या टोकाला मिस्त्री.

इंजिनाने सूर धरला. होडी लाटा कापत निघाली. किनाऱ्यापासून बरीच दूर आल्यावर मिस्त्रीने बाईकडे बघितलं.

"सोडा," तो म्हणाला.

बाईने दांडा सोडला. हात हवेत तसेच धरले, वाटलंच तर पटकन पकडायला. होडीचं नाक किंचित थरथरलं. एक लाट गेली, दुसरी गेली. नाक डावीकडे गेलं नाही, उजवीकडे गेलं नाही. तिसरी लाट गेली, दहावी गेली. बाईने हळूच हात खाली घेतले, मग छातीवर त्यांची घडी घातली, आणि लहान मुलीसारखी हसायला लागली. पुतणी इंजिनाच्या खोलीतून डोकं बाहेर काढून ओरडली, "काका, मागे बघा!"

मिस्त्रीने मागे बघितलं. होडीमागच्या पाण्यात खडूची दोरी मारावी तशी पांढरी रेघ उमटली होती, थेट किनाऱ्यापर्यंत. रेघेच्या त्या टोकाला माणसं टिचभर दिसत होती. तिथून भोंग्याचा आवाज तेवढा पाण्यावरून आला:

"दोनबोटेऽऽ! केवढ्याने चुकवलंऽऽ?"

मिस्त्रीचा ऊर भरून आला होता. सांगायचं होतं ते बाबांचंच वाक्य होतं. दुसरं काही सुचलंच नाही. "स्वर्ग," तो ओरडला, "स्वर्ग—" पण इंजिन धडधडत होतं आणि आवाज होडीच्या काठाबाहेरही गेला नाही. म्हणून त्याने हात उंच केला आणि उरलेलं बोटांनी सांगितलं.

किनारा खदखदून हसला.

मिस्त्रीचा हात तसाच वर राहिला. हीच होडी. हीच जागा, मागच्या टोकाला, इंजिनाच्या आवाजात. इथून किनाऱ्यावरचं हसू ऐकू येत होतं, आणि किनाऱ्यावरून इथल्या माणसाचा चेहरा मुळीच दिसत नसणार. दोन बोटं तेवढी दिसणार. कमरेएवढ्या पाण्यात दोर धरून उभं राहिलेल्या पोरालाही तेवढीच दिसली होती, बाबांच्या तोंडातलं वाक्य नाही.

"काका," पुतणी म्हणाली, "हसताहेत ते."

"हसू देत."

त्याने हात खाली घेतला नाही. गालांवरून ओघळणारं पाणी पुसायला दुसरा हात होता, पण तोही त्याने तसाच राहू दिला.

किनाऱ्यावरच्या त्या टिचभर माणसांमध्ये एकच जण हसत नव्हतं, त्याची बायको. तिनेही हात वर केला होता. बोटं किती, ते एवढ्या लांबून मोजता येत नव्हतं.

मालकिणीने विचारलं, "वळवू का मागे, मिस्त्री?"

"थांबा," तो म्हणाला. "अजून थोडी जाऊ दे. सरळ."